हळदीपासून डबीपर्यंत : त्वचाप्रसाधने कशी घडतात?

दिवाळीच्या पहाटे अंगाला लावले जाणारे उटणे हे आपल्याकडचे सर्वांत परिचित त्वचाप्रसाधन होय. आंबेहळद, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, चंदन, मसुराचे पीठ अशी त्यातील सामग्री घरोघरी ठाऊक असते. आज शहरातील औषधांच्या दुकानात मात्र निराळीच भाषा ऐकू येते. 'दहा टक्के नायसिनामाइड', 'दोन टक्के सॅलिसिलिक आम्ल', 'क जीवनसत्त्वाचे सीरम', 'रेटिनॉल' अशी नावे ग्राहकांच्या तोंडी असतात. शेजारच्याच फळीवर 'संपूर्ण नैसर्गिक', 'रसायनविरहित' असे लिहिलेल्या डब्या मांडलेल्या दिसतात. या दोन फळ्यांपैकी कोणती निवडावी, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. प्रसाधन घडविणाऱ्या रसायनतज्ज्ञाच्या दृष्टीने मात्र हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. घटक झाडातून आला की प्रयोगशाळेतून, यापेक्षा तो कोणत्या रूपात, किती प्रमाणात, कोणत्या माध्यमातून त्वचेपर्यंत पोहोचतो आणि तोपर्यंत टिकतो का, यावर त्याचा गुण अवलंबून असतो. हे गणित नीट बसले नाही तर महागडे मलमही निरुपयोगी ठरते. क्वचित ते मूत्रपिंडापर्यंत इजा पोहोचवते. म्हणूनच हे गणित ग्राहकानेही थोडेफार समजून घेणे आवश्यक आहे.

त्वचा ही भिंत

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर म्हणजे शृंगस्तर. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी असते. या थरातील चपट्या मृत पेशी म्हणजे जणू विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये म्हणजे चुना, असे वर्णन त्वचाशास्त्रात केले जाते. सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले ही त्या चुन्यातील मुख्य द्रव्ये. शरीरातील पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरचे जंतू व रसायने आत येऊ न देणे, हे या भिंतीचे काम. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारणपणे साडेचार ते साडेपाच असतो, तर अंगाच्या नेहमीच्या साबणाचा सामू नऊ ते दहाच्या आसपास जातो. वारंवार साबण लावल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटतो, त्याचे एक कारण हेच.

प्रसाधन घडविणाऱ्यापुढची पहिली अडचण ही भिंतच असते. भिंतीपलीकडे काय जाऊ शकते, याचा एक ढोबळ नियम २००० साली बॉस आणि मैनार्डी या संशोधकांनी मांडला. ज्या रेणूचा भार ५०० डाल्टनपेक्षा अधिक आहे, तो धडधाकट त्वचेतून सहसा आत शिरत नाही, असे हा नियम सांगतो. नायसिनामाइडचा भार १२२, सॅलिसिलिक आम्लाचा १३८, क जीवनसत्त्वाचा १७६ आणि रेटिनॉलचा २८६ डाल्टन आहे. ही सारी द्रव्ये मर्यादेच्या आत आहेत. याउलट कोलॅजेन या प्रथिनाचा रेणुभार तीन लाखांच्या घरात आहे. कोलॅजेन असलेले क्रीम चेहऱ्याला लावल्याने त्वचेतील कोलॅजेनची भर पडेल, ही समजूत त्यामुळेच टिकत नाही. असे क्रीम पृष्ठभागावर ओलावा धरून ठेवते. तेही उपयुक्त आहे. परंतु जाहिरातीत सांगितले जाते ते काम निराळे असते.

प्रमाण, सामू आणि टिकाऊपणा

ज्या घटकाचा त्वचेवर विशिष्ट आणि मोजता येण्याजोगा परिणाम होतो, त्याला या व्यवसायात क्रियाशील घटक म्हणतात. अशा प्रत्येक घटकाचा स्वभाव वेगळा असतो आणि त्या स्वभावानुसार त्याच्याभोवती सारे सूत्र रचावे लागते.

क जीवनसत्त्वाचे उदाहरण घेऊ. त्याचे मूळ रूप म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. कापलेले सफरचंद जसे हवेत तपकिरी पडते, तसेच हे आम्ल हवा, प्रकाश आणि पाणी यांच्या सान्निध्यात पिवळे, मग तपकिरी होते आणि त्याचा गुण जातो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, द्रावणाचा सामू साडेतीनपेक्षा कमी असेल तरच हे आम्ल त्वचेत चांगले शोषले जाते आणि प्रमाण २० टक्क्यांच्या वर नेले तर शोषण वाढत नाही. म्हणजे 'तीस टक्के' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या बाटलीत अधिक गुण असेलच असे नाही. जळजळ मात्र अधिक असू शकते. पुढे २००५ साली आणखी एक महत्त्वाची गोष्ट आढळली. क आणि ई जीवनसत्त्वांच्या द्रावणात फेरुलिक आम्ल मिसळले तर द्रावण अधिक टिकते आणि सूर्यकिरणांपासून मिळणारे संरक्षण चौपटीवरून आठपटीपर्यंत जाते. हे फेरुलिक आम्ल तांदळाच्या कोंड्यासारख्या अगदी साध्या वनस्पतिजन्य पदार्थात असते. नैसर्गिक आणि क्रियाशील असा भेद कसा कृत्रिम आहे, याचे हे एक बोलके उदाहरण.

नायसिनामाइड हे ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप. त्वचेतील रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन. ते एका प्रकारच्या पेशींत तयार होते आणि शेजारच्या पेशींकडे सोपवले जाते. नायसिनामाइड या देवाणघेवाणीत अडथळा आणते. त्यामुळे डाग हळूहळू फिकट होतात. त्वचेची भिंत बळकट करणाऱ्या सिरॅमाइडच्या निर्मितीसही ते साहाय्य करते. या घटकावरील पुष्कळशा चाचण्या चार ते पाच टक्के प्रमाणात झाल्या आहेत. त्याला सौम्य, जवळजवळ उदासीन माध्यम मानवते. तीव्र आम्लात दीर्घकाळ राहिले तर त्याचे काही अंशी निकोटिनिक आम्लात रूपांतर होते आणि या आम्लामुळे चेहरा लालबुंद होऊ शकतो. एकाला साडेतीनखालचा सामू हवा, दुसऱ्याला पाच ते सातच्या दरम्यानचा. साऱ्या गुणकारी द्रव्यांची एकाच बाटलीत मोट बांधल्याचा दावा करणाऱ्या उत्पादनाकडे म्हणूनच जरा सावधपणे पाहावे.

मुरुमांवर वापरले जाणारे सॅलिसिलिक आम्ल स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे तेलाने भरलेल्या रंध्रांत ते शिरू शकते. त्याचे प्रमाण सामान्यतः अर्धा ते दोन टक्के असते आणि काम करण्यासाठी त्यालाही आम्लधर्मी माध्यम लागते. सामू वाढला की त्याचे क्षारात रूपांतर होते आणि आत शिरण्याची क्षमता घटते. डबीवर 'दोन टक्के' लिहिलेले असूनही एक उत्पादन लागू पडते आणि दुसरे पडत नाही, यामागे पुष्कळदा सामूचा हा फरक असतो.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे

लिंबाचा रस चेहऱ्याला चोळावा, हा सल्ला आपल्याकडे पिढ्यानपिढ्या दिला जातो. लिंबात क जीवनसत्त्व आहे, हे खरे. परंतु रसातील त्याचे प्रमाण अत्यल्प असते आणि रसाचा सामू दोन ते अडीच इतका खाली असतो. शिवाय लिंबूवर्गीय फळांत फ्युरोकुमरिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि मागे काळे डाग राहतात. डाग घालविण्यासाठी केलेला उपाय अशा रीतीने नवे डाग देऊन जातो.

कोरफडीची गोष्ट वेगळी. तिचा गर थंडावा देतो, याबद्दल वाद नाही. पण त्या गरात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि घरात काढलेला गर काही दिवसांतच नासतो. पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक त्वचेला त्रासदायक ठरू शकतो, म्हणून कारखान्यात तो काळजीपूर्वक वेगळा करावा लागतो.

हळदीचे स्थान तर सर्वांत वरचे. जखमेवर हळद लावण्याच्या वापराबद्दल अमेरिकेत १९९५ साली एक पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. हा वापर भारतात पूर्वापार चालत आला आहे, हे लेखी पुराव्यांनिशी दाखवून दिल्यावर १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. हळदीतील प्रमुख क्रियाशील द्रव्य कुरकुमिन. ते सूज आणि दाह कमी करू शकते, असे प्रयोगशाळेतील अभ्यास सांगतात. तथापि वाळलेल्या हळदीत ते साधारण दोन ते पाच टक्केच असते, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, प्रकाशात विघटित होते आणि क्षारधर्मी माध्यमात तर काही मिनिटांतच मोडू लागते. हळद आणि चुना एकत्र केल्यावर येणारा लाल रंग, किंवा हळदीचा डाग साबणाने धुताना लाल होतो तो, हे हळदीच्या या स्वभावाचे घरगुती पुरावे आहेत. म्हणजेच साबणाच्या वडीत हळद घालणे सोपे. पण त्या वडीत कुरकुमिनचा गुण शिल्लक ठेवणे अत्यंत कठीण. ज्यांना हळदीचा गुण खरोखर क्रीममध्ये आणायचा असतो, ते कुरकुमिन अलग काढतात, तेलाच्या सूक्ष्म कणांत बंदिस्त करतात, किंवा त्यापासून तयार होणारे टेट्राहायड्रोकुरकुमिन हे रंगहीन आणि अधिक टिकाऊ द्रव्य वापरतात. मग चेहराही पिवळा होत नाही.

बावचीची कहाणी

निसर्गातील गुण आणि प्रयोगशाळेतील शिस्त यांची सांगड कशी घालावी लागते, हे समजून घेण्यासाठी बावचीइतके चांगले उदाहरण नाही. संस्कृतात बाकुची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वनस्पतीचे बी आयुर्वेदात कोडावर, म्हणजे पांढऱ्या डागांवर वापरले जाते. त्यामागील कारण आधुनिक रसायनशास्त्राने उलगडले आहे. या बियांत सोरालेन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेला प्रकाशाबाबत अतिसंवेदनशील करतात. योग्य मात्रेत, वैद्याच्या देखरेखीखाली ऊन किंवा अतिनील किरण दिल्यास रंगद्रव्य परत येण्यास मदत होते. मात्रा चुकली तर त्वचा भाजून फोड येतात.

त्याच बियांत आणखी एक द्रव्य आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली ते अलग करून त्याची ओळख पटवली. त्याला बाकुचिओल हे नाव मिळाले. पुढील कित्येक वर्षे या शोधाकडे सौंदर्यप्रसाधन उद्योगाचे फारसे लक्ष गेले नव्हते. नंतरच्या संशोधनात असे आढळले की, रचनेने रेटिनॉलशी काहीही साम्य नसलेले हे द्रव्य त्वचेच्या पेशींतील बऱ्याच जनुकांवर रेटिनॉलसारखाच परिणाम घडवते.

रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचे रूप. सुरकुत्या आणि डाग यांवर ते परिणामकारक आहे. परंतु प्रकाशात ते लवकर खराब होते, पुष्कळांच्या त्वचेला त्यामुळे सालपटे सुटतात आणि गर्भवती स्त्रियांनी ते टाळावे असा वैद्यकीय सल्ला आहे. युरोपीय संघाने तर २०२४ साली चेहऱ्याच्या प्रसाधनांत त्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. अशा परिस्थितीत बाकुचिओलबद्दल कुतूहल वाढले. २०१९ साली एका ब्रिटिश त्वचाविज्ञान नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत ४४ व्यक्तींपैकी काहींनी अर्धा टक्का बाकुचिओल दिवसातून दोनदा, तर उरलेल्यांनी अर्धा टक्का रेटिनॉल दिवसातून एकदा, असे १२ आठवडे लावले. कोणाला काय मिळाले, हे निरीक्षकांना सांगितले नव्हते. सुरकुत्या आणि डाग दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात कमी झाले. सालपटे आणि चुरचुर यांच्या तक्रारी मात्र रेटिनॉलच्या गटात अधिक होत्या. चाचणी लहान होती आणि रेटिनॉलवरील पुराव्याचा साठा कितीतरी मोठा आहे, हे लक्षात ठेवूनही हा निष्कर्ष उत्साहवर्धक म्हणावा लागेल.

यातून ग्राहकाने घ्यायचा बोध निराळा आहे. घरी बावची कुटून तिचा लेप चेहऱ्यावर लावला तर बाकुचिओलबरोबर सोरालेनही लागते आणि उन्हात गेल्यावर त्वचा भाजते. प्रसाधनासाठी वापरायचे बाकुचिओल इतके शुद्ध करावे लागते की त्यात सोरालेनचा जेमतेम लवलेश उरावा. बी एकच, त्यातील एका द्रव्याने उन्हात जाणाऱ्या त्वचेला अपाय होतो आणि दुसरे तिला लाभदायक ठरते. ही विभागणी करते ती शुद्धीकरणाची प्रक्रिया. 'रसायनविरहित' असे बिरुद मिरविणाऱ्या प्रसाधनात ती झालेली आहे का, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे.

तेल आणि पाणी एकत्र आणण्याची कला

क्रियाशील घटक ठरला तरी तो त्वचेवर पसरविण्यासाठी माध्यम लागते. तेल आणि पाणी एकत्र नांदावे, यासाठी माणसाने फार पूर्वीपासून खटपट केली आहे. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याला कोल्ड क्रीमचा जनक मानतात. मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी यांचे ते मिश्रण होते. आपल्याकडील शतधौत घृत हाही याच कलेचा नमुना. तांब्याच्या भांड्यात तूप शंभर वेळा पाण्याने धुतले की त्यात पाण्याचे बारीक कण सामावले जातात आणि लोण्यासारखे मऊ, पांढरे मलम तयार होते.

आजचे साधे, नायसिनामाइडयुक्त लोशन कसे रचले जाते, हे एका ढोबळ नमुन्यावरून लक्षात येईल. शंभर ग्रॅम लोशनमध्ये सुमारे ७४ ग्रॅम शुद्ध पाणी, पाच ग्रॅम ग्लिसरीन, चार ग्रॅम नायसिनामाइड, ११ ग्रॅम तेले आणि स्निग्ध पदार्थ, चार ग्रॅम पायसकारक मेण आणि उरलेले दोन ग्रॅम घट्टपणा आणणारे द्रव्य, परिरक्षक आणि सामू जुळविणारे आम्ल, असा हिशोब असतो. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, तेले त्यावर पांघरूण घालतात. पायसकारकाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढ घेते, म्हणून दोन्ही एकत्र राहतात. पाण्याचा भाग आणि तेलाचा भाग वेगवेगळे सुमारे ७० ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून घुसळले जातात. मिश्रण ४० अंशांच्या आसपास निवल्यावर उष्णतेने बिघडणारे घटक त्यात घातले जातात. शेवटी सामू मोजून तो साडेपाच ते सहाच्या दरम्यान आणला जातो.

या यादीतील चार ग्रॅमचीच जाहिरात होते. पण लोशन त्वचेला मानवेल की नाही, हे उरलेल्या ९६ ग्रॅमवर ठरते. तेलकट त्वचेला जड मेण दिले तर मुरुमे वाढतात, कोरड्या त्वचेला नुसते पाण्यासारखे सीरम दिले तर ती अधिक तडकते. मुंबईच्या दमट हवेत जे लोशन चिकट वाटते, तेच नागपूरच्या हिवाळ्यात हवेहवेसे वाटते.

परिरक्षकांची नाहक बदनामी

जेथे पाणी आहे तेथे जंतू वाढणारच. डबीत रोज बोट घातले जाते, न्हाणीघरातील दमट हवा लागते. परिरक्षक नसलेले पाणीदार क्रीम थोड्याच दिवसांत जीवाणू आणि बुरशीचे आगर बनते. डोळ्यांजवळ किंवा जखमेवर असे क्रीम लावणे धोक्याचे असते. तरीही 'पॅराबेनमुक्त' हा शब्द आज विक्रीचे साधन झाला आहे. पॅराबेन हे दीर्घकाळ वापरात असलेले परिरक्षक. काहींच्या संप्रेरकसदृश गुणांबद्दल शंका उपस्थित झाल्याने त्यांच्या वापरावर निरनिराळ्या देशांत मर्यादा घातल्या गेल्या. पण ॲलर्जीच्या बाबतीत त्यांचे वर्तन इतके सौम्य आढळले की, अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञ संघटनेने २०१९ साली पॅराबेनांना चक्क 'वर्षातील ॲलर्जी न देणारा पदार्थ' असे संबोधले. याच संघटनेने २०१३ साली 'वर्षातील ॲलर्जीकारक' म्हणून निवडलेला मिथाइलआयसोथायाझोलिनोन हाही परिरक्षकच होता. पॅराबेन टाळण्याच्या ओघात ज्या पर्यायांचा वापर वाढला, त्यांपैकी तो एक. एक काढून त्या जागी काय घातले, हे न विचारता 'मुक्त' या शब्दावर विश्वास ठेवणे योग्य नव्हे.

सुगंधी वनस्पतितेलांचेही तसेच. लव्हेंडर, गवती चहा, लवंग, दालचिनी यांची तेले निसर्गदत्त असली तरी त्यांतील काही द्रव्ये ॲलर्जी निर्माण करू शकतात. संवेदनशील त्वचेच्या व्यक्तींनी सुगंध नसलेले उत्पादन निवडणे हिताचे.

कसोट्यांची चाळणी

चांगला उत्पादक सूत्र ठरताच माल बाजारात आणत नाही. प्रथम टिकाऊपणाची चाचणी होते. नमुने ४० अंश तापमानात आणि ७५ टक्के आर्द्रतेत काही महिने ठेवून रंग, वास, सामू आणि क्रियाशील घटकाचे प्रमाण तपासले जाते. परिरक्षकाची परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम जीवाणू आणि बुरशी मिसळून त्यांची संख्या कशी घटते, हे पाहिले जाते. त्यानंतर स्वयंसेवकांच्या पाठीवर वा दंडावर पट्टी लावून त्वचेला त्रास होतो का, याची खातरजमा केली जाते. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे. भारतीय मानक ब्युरोने प्रसाधनांत कोणते कच्चे पदार्थ चालतात आणि सुरक्षितता कशी तपासावी, याची मानके ठरवून दिली आहेत. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० मधील सौंदर्यप्रसाधन नियम यांखाली उत्पादनासाठी परवाना घ्यावा लागतो. घरगुती स्वरूपात तयार होऊन ओळखीपाळखीतून वा समाजमाध्यमांतून विकल्या जाणाऱ्या अनेक क्रीमांना यांतील एकही चाळणी लागलेली नसते.

गोरेपणाची किंमत

चाळणी नसली की काय होते, हे गोरेपणाच्या काही क्रीमांनी दाखवून दिले आहे. मेलॅनिन तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला तांब्याची गरज असते. पारा या विकराचे काम बंद पाडतो आणि त्वचा थोड्याच आठवड्यांत उजळ दिसू लागते. नायसिनामाइडला जे काम करण्यास दोन-तीन महिने लागतात, ते पारा इतक्या झटपट करतो, हेच त्याचे आकर्षण. परंतु हा पारा त्वचेतून रक्तात आणि तेथून मूत्रपिंडात जातो. केरळमधील मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात लघवीवाटे प्रथिने जाण्याच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीमे वापरल्याचे सांगितले. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारानुसार पारा मिसळलेली सर्व सौंदर्यप्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. भारताने हा करार २०१८ मध्ये मान्य केला आहे. तरीही चोरट्या मार्गाने येणाऱ्या, घटकांची यादी नसलेल्या डब्या बाजारात सापडतात. दुसरा धोका स्टेरॉइडचा. त्वचारोगांवरील तीव्र स्टेरॉइडयुक्त मलमे गोरेपणासाठी महिनोन्महिने लावली जातात. सुरुवातीस चेहरा नितळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे आणि लव वाढते आणि मलम थांबविताच चेहरा पेटल्यासारखा लाल होतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असे केले. कायद्याने मार्ग अडविला तरी मागणी कायम आहे. लग्न ठरविताना रंग पाहण्याची रीत जोवर आहे, तोवर ती पूर्णपणे थांबणेही कठीणच.

ग्राहकाने काय पाहावे?

डबी हाती घेतल्यावर प्रथम उत्पादन परवान्याचा क्रमांक, उत्पादकाचा पूर्ण पत्ता आणि वापराची मुदत पाहावी. त्यानंतर घटकांची यादी वाचावी. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि एक टक्का वा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. चंदनाचे चित्र मोठे असूनही चंदनाचे नाव परिरक्षक आणि सुगंध यांच्याही नंतर येत असेल, तर त्यातील चंदन नाममात्र आहे असे समजण्यास हरकत नाही. क जीवनसत्त्व आणि रेटिनॉल पारदर्शक बाटलीत किंवा उघड्या तोंडाच्या डबीत असेल तर ते टाळावे. क जीवनसत्त्वाचे सीरम गडद तपकिरी झाले असेल तर ते टाकून द्यावे.

कोणतेही नवे प्रसाधन आधी कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून दोन-तीन दिवस पाहावे. एका वेळी एकच क्रियाशील घटक सुरू करावा, म्हणजे त्रास झाला तर कशाने झाला हे कळते. त्वचेचा वरचा थर बदलण्यास साधारण महिना लागतो. त्यामुळे डाग वा सुरकुत्यांवरील परिणाम दोन ते तीन महिन्यांनी जोखावा. आठवडाभरात रंग उजळणारे क्रीम दिसले तर आनंदित न होता शंका घ्यावी. दिवसा बाहेर पडताना सूर्यकिरणरोधक क्रीम लावावे आणि तेही पुरेसे. त्याचा छापील संरक्षणांक दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या प्रमाणात मोजलेला असतो. प्रत्यक्षात बहुतेक जण त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी लावतात. डागांवर महिनाभर सीरम लावून उघड्या उन्हात हिंडणे म्हणजे एका हाताने पुसून दुसऱ्या हाताने रेघोट्या ओढणे होय.

आणि ज्या डबीवर घटकांची यादीच नाही, तिच्यावर झाडाचे चित्र असो वा रसायनाचे सूत्र, ती घरात आणू नये. तशी एखादी डबी वापरात असेल आणि पाय वा चेहरा सुजत असेल, किंवा लघवीला फेस येत असेल, तर क्रीम तत्काळ थांबवावे आणि ती डबी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जावे. निदानासाठी त्यांना तिचा उपयोग होईल.